जुना मुम्प्सिमुस

एक पाद्रीबाबा होते. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, प्रसाद घेऊन झाल्यावर म्हणायच्या लॅटिन प्रार्थनेत 'सुम्प्सिमुस' असा एक शब्द येतो. 'आम्ही ग्रहण केलं', एवढाच त्याचा अर्थ. बाबा वर्षानुवर्षं म्हणत आले 'मुम्प्सिमुस'. ह्या शब्दाला लॅटिनमध्येच काय, पृथ्वीतलावरच्या कुठल्याच भाषेत अर्थ नाही. एका शिकलेल्या माणसानं चूक दाखवून दिली, तर बाबा उखडले. तुमच्या त्या नव्या सुम्प्सिमुसपायी मी माझा जुना मुम्प्सिमुस सोडणार नाही, म्हणाले.

डच विद्वान इरॅस्मसनं १५१६ साली एका पत्रात ह्या बाबांचा किस्सा सांगितला. पुढच्याच वर्षी रिचर्ड पेस ह्या इंग्रज पंडितानं तो पुस्तकात घेतला. १५४५ मध्ये तर आठवा हेन्री भर पार्लमेंटात म्हणाला की, काहीजण जुन्या मुम्प्सिमुसला चिकटून बसलेत आणि काहीजण नव्या सुम्प्सिमुसच्या नादाला लागलेत. (ज्यानं एका बायकोला सोडण्यासाठी अख्खा देश पोपपासून तोडला, त्यानं लोकांना समजूतदारपणा शिकवावा! पण ते असो.)

कॅथलिक उपासनेत लॅटिन हवी की नको, ह्या वादाचा नवा अंक गेली साठ वर्षं चालू आहे. त्यात धर्मशास्त्र आहे, इतिहास आहे, संगीत आहे, राजकारण तर आहेच. पण मला त्या वादात जिकडेतिकडे हे पाद्रीबाबाच दिसतात. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला.

आता बव्हेरियातलं प्रकरण बघा. आठव्या शतकात तिथल्या एका पाद्र्याची विभक्ती कच्ची होती. बाप्तिस्मा देताना 'पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने' म्हणायच्या जागी तो लॅटिनमध्ये जे म्हणे, त्याचा अर्थ व्हायचा 'पितृभूमी आणि कन्या'. पवित्र आत्मा तेवढा शाबूत राहायचा. धर्मप्रचारक बोनिफेसच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यानं हुकूम सोडला की, ही सगळी माणसं पुन्हा बाप्तिस्म्याला बसवा. प्रकरण रोमला गेलं. ७४६ साली पोप झकरियानं निकाल दिला: बिचाऱ्याला लॅटिन येत नाही, हा काही पाखंडीपणा नव्हे, बाप्तिस्मे पक्के. आमच्याकडे एक स्वर चुकला म्हणून वृत्रासुराचा जीव गेला, असं पाणिनीचे लोक सांगतात. रोममध्ये पुत्राची कन्या झाली तरी बाळं तरली.

पण ती लॅटिनमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या धर्मप्रांतानं जाहीर केलं की, आमच्या एका पाद्र्यानं वर्षानुवर्षं दिलेले हजारो बाप्तिस्मे रद्दबातल आहेत. त्यानं काय केलं होतं? 'मी तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणायच्या ऐवजी तो 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणत होता. शास्त्र असं की, तिथं बोलणारा खुद्द ख्रिस्त असतो, गावकरी मंडळी नव्हेत. 'आम्ही' म्हटलं की कर्ताच बदलतो. मुद्दा बिनतोड आहे, आणि २०२० मध्ये रोमनं तसा निर्णयही दिला होता. पण गंमत बघा. हा पाद्री लोकांच्या भाषेत बोलत होता. सगळ्यांना शब्दन्‌शब्द कळत होता. आईबापांना कळत होता, मामा-मावश्यांना कळत होता, आणि इतकी वर्षं कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. लोकांना कळावं म्हणून लोकभाषा आणली, ती लोकांनी ऐकलीच नाही. वर आणखी, बव्हेरियातल्या त्या गड्याला 'मला भाषा येत नाही' ही पळवाट होती, ह्याला तीही नव्हती.

लॅटिनवाल्यांना वाटतं, लॅटिन म्हणजे चर्चची मूळ भाषा. मूळ म्हणाल तर येशू अरामी बोलायचा. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला. आणि खुद्द रोममध्ये पहिल्या काही पिढ्यांची उपासना ग्रीकमध्ये चालायची. पुढे तिथल्या सामान्य माणसाला ग्रीक कळेनासं झालं, म्हणून लॅटिन आली. चौथ्या शतकात पोप दामासुसच्या काळापर्यंत ती मुरली. म्हणजे तुमची ही देववाणी चर्चमध्ये शिरली ती प्राकृत म्हणून, मागच्या दारानं. ३८२ च्या सुमारास त्याच दामासुसनं जेरोमला बायबलची लॅटिन भाषांतरं तपासून नीट करायला सांगितलं. त्यातून जे बायबल झालं त्याचं नावच पुढे 'व्हल्गाता' पडलं. अर्थ: चारचौघांचं.

चारचौघांनी त्याचं स्वागत कसं केलं? आजच्या लिबियातलं त्रिपोली, तेव्हाचं ओएआ. तिथल्या बिशपनं जेरोमच्या नव्या भाषांतरातली योनाची गोष्ट वाचायला घेतली. योना उन्हात बसलेला असतो आणि देव त्याच्यावर सावली धरायला एक वेल उगवतो, असा त्यात प्रसंग आहे. जुन्या भाषांतरात तो वेल भोपळ्याचा होता. जेरोमनं तो काढून दुसराच वेल लावला. झालं! लहानपणापासून भोपळा ऐकत आलेली माणसं खवळली. चर्चमध्ये असा गोंधळ उडाला की, बिशपला शब्द दुरुस्त करून घ्यावा लागला, नाहीतर समोर एकही माणूस उरला नसता. हे सगळं संत ऑगस्टीननं जेरोमला पत्रानं कळवलं आणि अशी भाषांतरं जरा बेतानं, असं सुचवलं. जेरोम कसला ऐकतोय. त्यानं उलट भोपळेवाल्यांचीच खिल्ली उडवली.

चर्चच्या इतिहासात भाषेवरून झालेली भांडणं पुष्कळ. पण भोपळ्यावरून झालेलं हे भांडण मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. तिथं कुणी परंपरेवर भाषण ठोकलं नाही. आमचा भोपळा आम्हाला परत द्या, एवढंच.

मग लॅटिनचं जे व्हायचं तेच झालं. लोकांच्या जिभेवर ती वितळत वितळत इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज झाली, वेदीवर मात्र गोठून राहिली. ८१३ साली तूरच्या धर्मसभेनं पाद्र्यांना सांगितलं, बाबांनो, प्रवचन तरी लोकांना कळेल अशा बोलीत करा. उरलेल्या विधीचं काय? त्याचं असं की, विधीच्या शेवटी पाद्री म्हणतो, 'इते, मिस्सा एस्त'. ढोबळ मराठीत: जा आता, सुटलं. ह्या 'मिस्सा'वरूनच अख्ख्या उपासनेला मिस्सा हे नाव पडलं. तास-दीड तास चाललेल्या सोहळ्यातला लोकांनी नेमका कुठला शब्द उचलला, ह्यावर वेगळं भाष्य करायला नको.

सोळाव्या शतकात ल्यूथरनं जर्मनमध्ये उपासना सुरू केली आणि लॅटिनचा प्रश्न हा इज्जतीचा प्रश्न झाला. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं लोकभाषा पाप आहे असं म्हटलं नाही. सरसकट तसं करणं इष्ट वाटत नाही, असं म्हटलं. 'इष्ट वाटत नाही' हे मोठं सोयीचं वाक्य. त्यावर चर्चनं चारशे वर्षं काढली.

अधूनमधून कुणाला तरी इष्ट वाटायचंही. १६१५ मध्ये पोप पाचव्या पॉलनं चीनमधल्या जेझुइटांना चिनी भाषेत मिस्सा म्हणायची परवानगी दिली. परवानगी कागदावर राहिली, मिस्सा काही झाली नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे गोव्यात, रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. अकरा हजारांच्या घरात मराठी ओव्या! नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, त्यांच्या कानांना काहीतरी द्यायला हवं होतं. स्टीफन्सनं बरोबर ओळखलं, ह्यांना नवा देव दिला तरी ओवी जुनीच लागणार. भोपळा न काढता योना सांगितला म्हणा ना. पण ती वेदीच्या बाहेर. पाद्री वेदीपाशी गेला की पुन्हा लॅटिन. ओवी ते वेदी एवढं अंतर कापायला आणखी साडेतीनशे वर्षं लागली.

ते अंतर कसं कापलं गेलं, हा ह्या सगळ्या कहाणीतला खरा फार्स.

२२ फेब्रुवारी १९६२. पोप तेविसाव्या जॉननी फर्मान काढलं: सेमिनरींमधले मुख्य विषय लॅटिनमधून शिकवा, आणि ज्या प्राध्यापकांना ते जमत नसेल त्यांच्या जागी हळूहळू जमणारे नेमा. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. जगभरातून दोन हजारांवर बिशप रोमला जमले. चर्चा लॅटिनमधून करायची होती. आणि पहिल्याच काही दिवसांत जे उघड गुपित होतं ते नुसतं उघड झालं: भल्याभल्यांना कळत नव्हतं.

एक तर प्रत्येकाची लॅटिन वेगळी. फ्रेंच माणूस ती नाकातून बोलायचा, जर्मन घशातून, अमेरिकन कशीतरीच. बॉस्टनचे कार्डिनल कुशिंग मोकळेपणानं म्हणाले, मला काही समजत नाही. दुभाष्यांची यंत्रणा बसवा, पैसे मी देतो. बसवली नाही. मेल्काइट पंथाचे वयोवृद्ध प्रमुख चौथे मॅक्सिमोस उठले आणि सरळ फ्रेंचमध्ये बोलायला लागले. आम्ही पूर्वेकडचे ख्रिस्ती, लॅटिन ही तुमच्या शाखेची भाषा, आमची नव्हे, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. लॅटिनचे कट्टर राखणदार कार्डिनल ओत्ताव्हियानी ३० ऑक्टोबरला मिस्सेत बदल नकोत म्हणून बोलायला उभे राहिले. दहा मिनिटांची मर्यादा होती. त्यांची दृष्टी अधू, भाषण पाठ, घड्याळ कोण बघतो! अध्यक्षपदी असलेल्या डच कार्डिनल आल्फ्रिंकनी शेवटी ध्वनिक्षेपक बंद करायला लावला, आणि संत पीटरच्या महामंदिरात धर्मपित्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ओत्ताव्हियानी पुढे दोन आठवडे रुसून फिरकलेच नाहीत.

बिशपांसाठी तिथंच एक कॉफीचं दुकान उघडलं होतं. संत पीटरचं मूळ नाव शिमोन बार-योना, म्हणून बिशपांनी दुकानाचं नाव ठेवलं 'बार-योना'. भाषणं कंटाळवाणी झाली की तिथं गर्दी. हा योना वेगळा, पण सावली सगळ्यांना तोच द्यायचा.

४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवरचा ठराव मंजूर झाला: बाजूनं २,१४७, विरोधात ४. आता ह्या ठरावाचं छत्तिसावं कलम बघा. त्यात आधी म्हटलंय, लॅटिन विधींमध्ये लॅटिन भाषा राखली जावी. मग म्हटलंय की, तथापि लोकभाषेचा वापर पुष्कळदा लोकांच्या फायद्याचा होऊ शकतो, त्यामुळे तिला अधिक वाव देता येईल. महाराष्ट्रात सरकारी आदेश वाचून ज्याचे केस पांढरे झालेत त्याला हे समजावून सांगायला नको. आदेशात पहिलं वाक्य भिंतीवर लावायला असतं, काम 'तथापि'नंतर चालू होतं. दहा वर्षांच्या आत जगभरच्या वेद्यांवर 'तथापि' पसरला आणि लॅटिन 'राखली जावी' एवढ्यापुरती राखली गेली.

मार्च १९६५ मध्ये पोप सहाव्या पॉलनी रोममधल्या एका साध्या चर्चमध्ये इटालियनमधून मिस्सा केली. १९६९ मध्ये नवा मिस्साग्रंथ आला. तो लागू व्हायच्या चारच दिवस आधी ह्याच पोपनी जाहीर भाषणात हळहळ व्यक्त केली की, शतकांची भाषा आपण सोडतोय, ग्रेगोरियन गाण्याचा मोठा ठेवा हातचा जाणार. पण लोकांना प्रार्थना समजणं हे रेशमी राजवस्त्रांपेक्षा मोलाचं. मुलीची पाठवणी करताना बाप रडतो तसलं हे भाषण. फक्त इथं स्थळ बापानंच शोधलं होतं.

मग रडारड सुरू झाली, आणि ती भलत्याच घरातून. १९७१ मध्ये इंग्लंडातल्या नामवंतांनी पोपना विनंतीपत्र पाठवलं: जुनी मिस्सा मारू नका, तो साऱ्या जगाचा सांस्कृतिक वारसा आहे. सह्या करणाऱ्यांत कितीतरी लोक कॅथलिकच नव्हते. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन ज्यू. अगाथा ख्रिस्ती अँग्लिकन. पोप यादी वाचत होते, एका नावापाशी थांबले, 'अरे वा, अगाथा ख्रिस्ती!' म्हणाले आणि परवानगीवर सही केली, असं सांगतात. ती सवलत आजही 'अगाथा ख्रिस्ती सवलत' ह्याच नावानं ओळखली जाते. बरोबरच आहे, खून झाला की तिलाच बोलवायला हवं. पण मला कौतुक वाटतं ते वेगळंच. रविवारी सकाळी ज्यांना त्या बाकावर बसायचंच नव्हतं, त्यांनी बाक जुना ठेवा म्हणून अर्ज केला.

लोकभाषा आल्यावर तरी सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण 'लोक' म्हणजे कुठले लोक? बंगळूरच्या धर्मप्रांतात मिस्सा कन्नडमध्ये की तमिळमध्ये, ह्यावरून वर्षानुवर्षं वाद धुमसत राहिला. गोव्यात कोकणी तर ठरली, पण शासनाची कोकणी देवनागरीत आणि चर्चची रोमी लिपीत, हा तिढा अजून सुटलेला नाही. वसईत मिस्सा मराठीतून होते, पण ती पुस्तकी मराठी. घरात माणसं बोलतात ती सामवेदी किंवा वाडवळी वेगळीच. म्हणजे देवाशी बोलताना अजूनही इस्त्रीचे कपडे घालावेच लागतात. लॅटिनचा एक मोठा गुण त्या काळात कुणाच्या लक्षात आला नव्हता: ती कुणाच्याच बापाची नव्हती. त्यामुळे कुणाच्या शेजाऱ्याचीही नव्हती.

लॅटिनचं आता काय चाललंय? व्हॅटिकनमधल्या एटीएमवर लॅटिनमध्ये सूचना मिळतात. पोपचं एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) लॅटिन खातं आहे. व्हॅटिकननं आधुनिक वस्तूंसाठी लॅटिन शब्दांचा जाडजूड कोश काढला. त्यात भांडी धुण्याच्या यंत्राला शब्द आहे, आणि 'हॉट पँट्स'लाही आहे. अर्थ साधारण असा: बायकांच्या अत्यंत तोकड्या विजारी. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळणाऱ्या माणसांनी हा शब्द घडवताना किती बैठका घेतल्या असतील, कोण जाणे.

२००७ मध्ये पोप सोळाव्या बेनेडिक्टनी जुनी मिस्सा पुष्कळ मोकळी केली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी पुन्हा तिचे लगाम खेचले. फ्रान्सिसच्या त्या फर्मानाचं नाव 'त्रादित्सियोनिस कुस्तोदेस', परंपरेचे राखणदार. नाव लॅटिन, पण जाहीर झालं तेव्हा लोकांच्या हाती मजकूर आला तो इटालियन आणि इंग्रजीत. त्यावर लॅटिनवाल्यांनी संतापून लेख लिहिले, तेही इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. एकाही बाजूला ह्यात काही खटकलं नाही.

लॅटिनचा उपयोग झाला तो एकदाच, आणि तोही एका बातमीदार बाईला. ११ फेब्रुवारी २०१३. काही संत जाहीर करायचे म्हणून कार्डिनल जमलेले. बेनेडिक्ट मवाळ आवाजात लॅटिनमधून काहीतरी वाचत होते. बहुतेक बातमीदारांनी नेहमीप्रमाणे कान बंद ठेवले असणार. आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री पडद्यावर ते बघत होत्या आणि त्यांना शाळेत शिकलेली लॅटिन आठवत होती. त्यांच्या ध्यानात आलं की, हा माणूस राजीनामा देतोय. जवळजवळ सहाशे वर्षांतला पोपचा पहिला राजीनामा, आणि तो जगाला कळला एका बाईच्या शाळेतल्या व्याकरणामुळे. पुढे विद्वानांनी राजीनाम्याच्या त्या मजकुरात विभक्तीच्या चुका काढल्या. म्हणजे बव्हेरिया ते व्हॅटिकन, विभक्तीची परंपरा अखंड आहे.

गोव्यात मात्र अजून एक लॅटिन आहे, तिला पोपच्या परवानगीची फिकीर नाही. गावच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) किंवा कुणाच्या घरी लदीन असतं. मरियेची लॅटिन नामावळी, दोन-तीन आवाजांत लावलेली, साथीला व्हायोलिन. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून मेस्त्रींनी जे गाणं पोरांच्या गळ्यात उतरवलं, त्यातलं हे उरलेलं. (त्याच शाळांतून निघालेल्या पोरांच्या पोरांनी पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं धरली, तो वेगळा लेख.) म्हाताऱ्या बायका दर नावामागं 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात. शब्द पणजीकडून आजीकडे, आजीकडून नातीकडे, नुसते कानावरून आलेले. त्यात किती सुम्प्सिमुस आहेत आणि किती मुम्प्सिमुस, कुणी मोजलेलं नाही. एखादा शब्द घसरला तर कुणी वळूनही बघत नाही. दुसऱ्या आवाजाचा सूर घसरला, की मात्र व्हायोलिनवाला गज न थांबवता डोळे वटारतो. मग नामावळी संपते, उकडलेले चणे येतात, घोटभर फेणी येते, आणि सूर कुणाचा गेला ह्यावर कोकणीत भांडण सुरू होतं.